दार सगळ्यांना उघडं, मग पदवी इतक्या थोड्यांनाच का? अमेरिकेतली कम्युनिटी कॉलेजं आणि मेंटॉरचं काम

मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षीय कार्यालयाने पुढच्या आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकाचा जो प्रस्ताव मांडला, त्यात ‘ट्रायो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या योजना पूर्ण बंद करण्याची शिफारस होती. गरीब घरातल्या आणि घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या मुलांना शिकवणी, सल्ला आणि सोबत देणाऱ्या या योजना. १९६४ ते १९६८ या काळात एकेक करून पहिल्या तीन सुरू झाल्या, म्हणून नाव पडलं ट्रायो. त्या बंद करण्यामागचा युक्तिवाद असा की, पूर्वी गरिबाला कॉलेजात प्रवेश मिळणंच अवघड होतं, आता तो अडथळा तसा उरलेला नाही.

प्रवेशापुरतं हे बऱ्याच अंशी खरं आहे. पण आत गेलेल्यांचं पुढे काय होतं, ते बघा. कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे सगळ्यांना प्रवेश देणाऱ्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, नाव घालणाऱ्या दर १०० जणांपैकी सुमारे ८० जण म्हणतात, की आम्हाला पुढे चार वर्षांची पदवी घ्यायची आहे. सहा वर्षांनी ती हातात पडलेले भरतात सोळाच्या आसपास. मधल्या मधे ही मुलं जातात कुठे, आणि त्यांच्यासोबत एखादा जाणता माणूस असला तर किती फरक पडतो, याचा अमेरिकेत गेली पंधरा-वीस वर्षं बारकाईने अभ्यास झाला आहे. त्यातून निघालेली उत्तरं अशा वाटाड्याच्या, म्हणजे मेंटॉरच्या, भाबड्या कौतुकापेक्षा बरीच उपयोगी आहेत.

## कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय

शिकागोजवळच्या जोलिएट गावात १९०१ साली सुरू झालेलं कॉलेज हे आज चालू असलेलं सर्वांत जुनं सरकारी कम्युनिटी कॉलेज. तिथल्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांची ही कल्पना: मुलांनी पहिली दोन वर्षं गावातच शिकावं, मग मोठ्या विद्यापीठात जावं. १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशी कॉलेजं देशभर काढायचा आग्रह धरला. आज ती हजाराच्या घरात आहेत. एकट्या कॅलिफोर्नियात ११६.

प्रवेश परीक्षा नाही, गुणांची अट नाही. फी विद्यापीठाच्या मानाने बरीच कमी. साधारण ६० क्रेडिट पूर्ण केले की दोन वर्षांची पदवी मिळते. क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं माप. आठवड्याला तीन तास चालणारा विषय बहुधा तीन क्रेडिटचा. ही पदवी घेऊन नर्सिंग, हिशेब, वाहनदुरुस्ती अशा कामाला लागता येतं किंवा ‘ट्रान्सफर’ घेऊन विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जाता येतं. कॅलिफोर्नियातल्या बे एरियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना कुपर्टिनोचं डी अ‍ॅन्झा कॉलेज माहीत असतंच. तेही याच कुळातलं.

इथे शिकणारे बरेच जण आपल्या डोळ्यासमोर येणाऱ्या कॉलेजकुमारासारखे नसतात. बहुसंख्य अर्धवेळ शिकतात आणि नोकरी करतात. कुणाला लहान मूल आहे, कुणी तिशी ओलांडून परत आलंय, कुणी आईवडिलांसोबत नुकतंच या देशात आलंय. कॉलेजचे नियम ज्या भाषेत लिहिलेले असतात, ती भाषा यांच्या घरात कुणी बोललेलंच नसतं.

## अडकतं कुठे?

आपल्या मोठ्या सरकारी रुग्णालयाचं बघा. डॉक्टर उत्तम, उपचार जवळपास फुकट, दार चोवीस तास उघडं. पण खेड्यातून पहिल्यांदा आलेल्या माणसाला केसपेपर कुठे काढायचा, कुठला कागद आधी आणि कुठला नंतर, रक्ताचा रिपोर्ट कोणत्या खिडकीवर मिळतो, हे ठाऊक नसतं. भिंतीवर पाट्या असतात, पण पाटी वाचायला आधी आपल्याला काय हवंय ते कळावं लागतं. सोबत कुणी माहीतगार असेल तर दोन तासांत काम होतं. नसेल तर तो संध्याकाळपर्यंत बसून, औषध न घेता गावी परततो आणि दोष स्वतःलाच देतो. कम्युनिटी कॉलेजात नेमकं हेच घडतं.

समजा, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली एकोणीस वर्षांची मुलगी आहे. तीन-तीन क्रेडिटचे चार विषय, संध्याकाळी औषधाच्या दुकानात काउंटरवर काम, आणि फी भागवायला ‘पेल ग्रँट’, म्हणजे कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना केंद्र सरकार देतं ते परत न करायचं अनुदान. सत्र पंधरा आठवड्यांचं. सातव्या आठवड्यात गणिताच्या परीक्षेत ती नापास होते. आठव्यात दुकानाचा मॅनेजर तिची कामाची पाळी बदलतो आणि नवी वेळ नेमकी एका तासाच्या आड येते. ती खचते. कुणाला काही न सांगता चारही वर्गांना जाणं बंद करते आणि ठरवते, की पुढच्या सत्रात नव्याने सुरुवात करू.

तिला माहीत नसलेले नियम आता कामाला लागतात. सरकारी अनुदान हजेरीच्या प्रमाणात ‘कमावलेलं’ धरलं जातं. सत्राचा साठ टक्के भाग, म्हणजे अंदाजे नववा आठवडा उलटायच्या आत सगळे वर्ग सोडले, तर उरलेल्या वाट्याची रक्कम सरकारला परत जाते आणि कॉलेज ती विद्यार्थिनीच्या खात्यावर बाकी म्हणून दाखवू शकतं. बाकी असली की पुढच्या सत्राला नाव नोंदवता येत नाही. शिवाय रीतसर अर्ज न करता गेल्यामुळे गुणपत्रकावर ‘एफ’, म्हणजे नापासाचे शेरे पडतात. अनुदान चालू राहायला साधारणपणे गुणांची चारपैकी दोनची सरासरी आणि घेतलेल्या क्रेडिटपैकी दोनतृतीयांश पूर्ण केलेले लागतात. तीही अट हुकते. नव्याने सुरुवात करायला ती जानेवारीत परत येते, तेव्हा दार बंद असतं.

आठव्या आठवड्यात कुणी तिच्याशी वीस मिनिटं बोललं असतं तर? ज्या विषयाचा तास पाळीच्या आड येतो, तेवढाच मुदतीत रीतसर सोडता आला असता. त्याने गुणपत्रकावर ‘डब्ल्यू’, म्हणजे विषय सोडल्याची नोंद आली असती, सरासरीला धक्का लागला नसता. गणितासाठी फुकट शिकवणीची खोली त्याच इमारतीत असते. उरलेले तीन विषय वाचले असते, अनुदान वाचलं असतं. या सगळ्यात हुशारीचा प्रश्न कुठेच आला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

## मेंटॉर म्हणजे कोण?

नाव एकच असलं तरी माणसं वेगवेगळी असतात. कुठे पगारी सल्लागार, ज्यांना तिथे अ‍ॅडव्हायझर म्हणतात. कुठे वर्गावर शिकवणारे प्राध्यापक, कुठे गावातले स्वयंसेवक, कुठे समाजकार्य शिकलेले कार्यकर्ते. कॅलिफोर्नियात १९८१ साली हेवर्डच्या शॅबो कॉलेजात सुरू झालेल्या ‘प्वेन्ते’ उपक्रमात लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, मुलांसाठी लेखनाचा वर्ग, समुपदेशक आणि त्याच समाजातली नोकरी-व्यवसायात स्थिरावलेली माणसं, अशी तिहेरी जोडणी केलेली होती.

या नात्यातून विद्यार्थ्याला चार गोष्टी मिळतात. एक, वेळेवर माहिती. दोन, कुणीतरी लक्ष ठेवून असणं, म्हणजे आपण हाक मारायच्या आधीच समोरून फोन येणं. तीन, वजन: मेंटॉरने प्राध्यापकाला किंवा अनुदानाच्या कार्यालयाला केलेला एक फोन बिचकत उभ्या विद्यार्थ्याच्या दहा खेपांपेक्षा भारी पडतो. चौथी गोष्ट मोजायला कठीण, ती म्हणजे ‘ही जागा माझीही आहे’ ही भावना. तिचा थोडा अंदाज डी अ‍ॅन्झामधल्या एका अभ्यासातून येतो. शिकवणारे कृष्णवर्णीय, लॅटिनो अशा कमी प्रतिनिधित्व असलेल्या समाजांतले असले, की त्या समाजांतली मुलं आणि गोरी मुलं यांच्यातलं गळतीचं आणि गुणांचं अंतर २० ते ५० टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मेंटॉर वेगळे नेमलेले नव्हते. शिकवणारं माणूस आपल्यातलं आहे, एवढाच फरक होता.

## ‘धडपडी मुलंच मेंटॉर शोधतात, ती तशीही पास होतात’

ही शंका अगदी रास्त आहे. मेंटॉर असलेली मुलं पुढे जातात असं नुसत्या सर्वेक्षणातून दिसलं, तर त्यावर विसंबू नये. ज्याला प्राध्यापकांच्या खोलीत जायचा धीर आहे, त्याच्यात बाकीचे गुणही असणार. खरा फरक काढायचा तर चिठ्ठ्या टाकाव्या लागतात: इच्छुकांची यादी करायची, नशिबाने निम्म्यांना मदत द्यायची, निम्म्यांना नेहमीच्या वाटेने जाऊ द्यायचं, आणि मग काही वर्षं दोघांकडे बघत राहायचं. औषधांची चाचणी अशीच होते.

न्यूयॉर्क शहराच्या सरकारी विद्यापीठाने, ‘क्युनी’ने, २००७ मध्ये ‘एसॅप’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. पुढे एमडीआरसी या संशोधन संस्थेने त्याच्या तीन कम्युनिटी कॉलेजांतल्या ८९६ विद्यार्थ्यांवर अशी चिठ्ठ्यांची चाचणी केली. सगळे कमी उत्पन्नाचे, आणि गणित किंवा भाषेचा पाया कच्चा म्हणून पूर्वतयारीचे वर्ग लागणारे. तीन वर्षांनी नेहमीच्या वाटेने गेलेल्यांपैकी २२ टक्क्यांनी पदवी घेतली होती, एसॅपवाल्यांपैकी ४० टक्क्यांनी. या क्षेत्रात एवढा मोठा फरक क्वचितच दिसतो.

एसॅपमध्ये एका सल्लागाराकडे ६० ते ८० विद्यार्थी असत. त्याच कॉलेजांत इतरांच्या सल्लागाराकडे ६०० ते १,५००. पहिल्या वर्षात एसॅपचे विद्यार्थी सल्लागाराला सरासरी ३८ वेळा भेटले, बाकीचे ६ वेळा. जोडीला अनुदान वजा जाता फीची उरलेली रक्कम माफ, पुस्तकं, शिकवणी, आणि भुयारी रेल्वे-बसचा महिन्याचा पास. हा पास कार्यक्रमात नियमित भाग घेणाऱ्यालाच मिळे. ही युक्ती मला विशेष आवडली. ‘मला अडचण आहे’ असं सांगायला कुणी सहसा येत नाही, पण पास घ्यायला सगळे येतात. आला की खुर्ची पुढे करून विचारता येतं, गणिताचं काय झालं?

## सगळेच मेंटॉर उपयोगी पडतात का?

नाही, आणि हे मोकळेपणाने सांगायला हवं. टेक्सासमधल्या साउथ टेक्सास कॉलेजात २००८ मध्ये ‘बीकन मेंटॉरिंग’ नावाचा प्रयोग झाला. कॉलेजच्याच कर्मचाऱ्यांना गणिताचे वर्ग वाटून दिले. त्यांनी सत्रात काही वेळा वर्गात यायचं, शिकवणी कुठे मिळते ते सांगायचं, अडलेल्यांना गाठायचं. शिकवणीच्या खोलीतली गर्दी वाढली. पण एकूण वर्गाचं गणितात पास होण्याचं प्रमाण फारसं हललं नाही. अर्धवेळ विद्यार्थ्यांना मात्र काही फायदा झाला. त्यांच्यात विषय मधेच सोडणारे कमी झाले.

ओहायोतल्या दोन कॉलेजांत आणखी एक प्रयोग झाला. सल्लागारामागे हजाराऐवजी १६० पेक्षा कमी विद्यार्थी, प्रत्येक सत्राला १५० डॉलरची छोटी शिष्यवृत्ती, मुदत दोन सत्रं. मदत चालू असताना थोडा फरक दिसला, ती थांबल्यावर ओसरला. दोन सत्रांत नातं जमायला लागतं न लागतं तोच ते संपवलं, असं मला हे निष्कर्ष वाचताना वाटलं.

टेनेसी राज्याने २०१४ मध्ये बारावी झालेल्या सगळ्यांना कम्युनिटी कॉलेजची फी भरून देण्याची योजना जाहीर केली आणि सोबत हजारो स्वयंसेवक मेंटॉर उभे केले. त्यांच्याकडून अपेक्षा महिन्याला तासाभराची: अर्जांच्या तारखांची आठवण करणं, धीर देणं. प्रवेशाच्या उंबरठ्यापर्यंत पोचवायला एवढं पुरतं. तो ओलांडल्यावर नापास झालेलं गणित आणि बदललेली पाळी सोडवायला महिन्यातला एक तास कसा पुरेल?

## ‘म्हणजे खरी करामत पैशाचीच ना?’

एसॅपमध्ये फी, पास, पुस्तकं, सल्लागार असं सगळं एकत्र होतं. त्यामुळे यश कुणाच्या खात्यात किती, हे त्या एका चाचणीतून वेगळं काढता येत नाही. पण टेक्सासच्या फोर्ट वर्थ शहरात, टॅरंट काउंटी कॉलेजमध्ये, हाच प्रश्न नेमका तपासला गेला. तिथे विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एकाला नेहमीचंच. दुसऱ्याला अडीनडीला पैशांची मदत. तिसऱ्याला पैशांची मदत आणि सोबत एक ‘नॅव्हिगेटर’, म्हणजे समाजकार्याचं शिक्षण घेतलेला माणूस, जो पाळणाघरापासून घरभाड्यापर्यंत प्रत्येक अडचणीत बरोबर राहील.

नुसत्या पैशाच्या गटात परिणाम दिसला नाही. नॅव्हिगेटर मिळालेल्या स्त्रियांमध्ये टिकून राहण्याचं आणि पदवी घेण्याचं प्रमाण ठळकपणे वाढलं. पुरुषांमध्ये तसा परिणाम आढळला नाही. हा निष्कर्ष झाकून ठेवण्यासारखा नाही. मदत स्वीकारायला, अडचण तोंडाने बोलायला पुरुष मागे राहतात की त्यांच्या अडचणीच वेगळ्या असतात, याचा विचार प्रत्येक मेंटॉर योजनेने करायला हवा.

गरज पैशाची नाही, असा याचा अर्थ कुणी काढू नये. पोट रिकामं असलेल्याला सल्ला देऊन भागत नाही. पण पैसा आला, तरी कुठला फॉर्म कधी भरायचा हे सांगणारं माणूस नसेल, तर तो पैसाही वाया जातो. वर पाहिलेल्या मुलीजवळ अनुदान होतंच की.

## ‘मोठ्या माणसांना बोट धरून का चालवायचं?’

सधन घरातल्या मुलांना बोट धरणारे असतातच, फक्त ते दिसत नाहीत. आई विद्यापीठात शिकलेली असते, मामा प्राध्यापक असतो. ‘हा विषय या सत्रात घेऊ नकोस’, ‘सरांना आजच ईमेल कर’ हे जेवता जेवता सांगितलं जातं. त्याला कुणी लाड म्हणत नाही. ज्याच्या घरात हे सांगणारं कुणी नाही, त्याला कॉलेजने सांगितलं तरच तो लाड का ठरावा?

## एवढा खर्च परवडतो का?

एसॅपमध्ये तीन वर्षांत एका विद्यार्थ्यामागे नेहमीपेक्षा सुमारे ६० टक्के जास्त खर्च आला. आकडा ऐकून कुठलाही खजिनदार दचकेल. पण पदवी घेणाऱ्यांची संख्या जवळपास दुप्पट झाल्यामुळे एका पदवीमागचा खर्च उलट दहा-अकरा टक्क्यांनी कमी झाला. अर्धवट सोडून गेलेल्यांवरही कॉलेजने पैसे खर्च केलेलेच असतात.

हे न्यूयॉर्कपुरतंच असेल अशी शंका होती, म्हणून ओहायोतल्या तीन कॉलेजांनी तोच आराखडा उचलला. तिथे तीन वर्षांत पदवी घेणारे १९ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर गेले. सहा वर्षांनी त्यांच्या कमाईतही सुमारे ११ टक्क्यांचा फरक दिसला. न्यूयॉर्कच्या चाचणीत सहा वर्षांनंतर दोन गटांतलं अंतर घटून ५१ विरुद्ध ४१ टक्के झालं, म्हणजे एसॅप न मिळालेल्यांतले काही जण उशिरा का होईना पोचले. लहान मूल सांभाळत शिकणाऱ्यासाठी दोन-तीन वर्षं आधी पदवी हाती येणं हेही थोडकं नाही.

## ‘मोबाइलवर आठवण पाठवली तर स्वस्तात काम होईल’

हा विचार अनेकांना सुचला. अमेरिकेत आठ लाखांहून जास्त विद्यार्थ्यांना सरकारी मदतीचा अर्ज भरण्याविषयी एसएमएस, ईमेल आणि टपालाने आठवणी पाठवण्याचे मोठे प्रयोग झाले. छोट्या प्रयोगांत अशा संदेशांचा गुण दिसला होता. एवढ्या मोठ्या प्रमाणावर मात्र अर्ज किंवा प्रवेश, कशातच फरक पडला नाही. कुठून तरी आलेला संदेश माणूस वाचतो आणि पुढे सरकवतो. मागच्या आठवड्यात ज्या बाईंनी आपल्या आजारी आईची चौकशी केली, त्यांचा संदेश आला तर तो उत्तर देतो. आधी ओळख हवी, मग आठवण कामाला येते.

## आपल्याकडे हे कुठे लागू होतं?

अमेरिकेचे आकडे इथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तिथल्या अनुदानाचे आणि विषय निवडण्याचे नियम वेगळे. पण मेंटॉर-मेंटी (वाटाड्या आणि त्याचा विद्यार्थी) ही जोडी महाराष्ट्रातल्या प्राध्यापकांना चांगली ठाऊक आहे. कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात एका मेंटॉरमागे किती विद्यार्थी, हे विचारलं जात आल्यामुळे कॉलेजांत त्याच्या याद्या असतात, फाइली असतात.

आणि उघड्या दाराची आपली स्वतःची मोठी संस्था आहेच. १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. नोकरी करणारे, शिक्षण सुटलेले, संसारातून वेळ काढणाऱ्या स्त्रिया, असाच तिथला विद्यार्थिवर्ग. अभ्यासकेंद्रावर त्यांना समंत्रक, म्हणजे अभ्यासाला मार्गदर्शन करणारे शिक्षक, भेटतात. अमेरिकेतल्या प्रयोगांतून कुठला प्रश्न उचलायचाच, तर तो मी या समंत्रकांविषयी आणि कॉलेजांतल्या मेंटॉरांविषयी उचलेन. एकाकडे किती जण आहेत? हे नातं एका सत्राचं की पदवी मिळेपर्यंतचं? विद्यार्थी दोन आठवडे फिरकला नाही, तर ते त्याला कळतं का, आणि कळल्यावर फोन करणं हे त्याच्या कामात आणि मानधनात धरलेलं आहे का? परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख हुकलेल्या मुलासाठी विद्यापीठातल्या कुठल्या टेबलावर त्याचा शब्द चालतो?